मुंगसाची कथा आणि तिची गावे

आपल्याकडील एखादी कथा परदेशात आढळली की आपल्या मनात दोन भाव उठतात. पहिला अभिमानाचा: ही तर आमचीच! दुसरा, जरा उशिराने येणारा, संकोचाचा: जी कथा चार मुलुखांत नावे बदलून सांगितली जाते ती आमच्याच गावी घडली असे कसे मानावे? ज्यांच्या कुलदैवताला स्थलमाहात्म्य आहे अशा वाचकांना ह्या दुसऱ्या प्रश्नाची टोचणी अधिक लागते. आमच्या मते दोन्ही भाव एकाच चुकीतून निघतात. कथा जन्मली कोठे एवढेच विचारायचे, आणि ती ज्या घरी नांदली त्या घराकडे पाहायचेच नाही, ही ती चूक. एका लहानशा कथेच्या आधाराने आम्ही हे तपासून पाहणार आहोत.

कथा सर्वांच्या ओळखीची आहे. पाळण्यात मूल, घरात पाळलेले मुंगूस, आईबाप बाहेर. साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करते आणि रक्ताळलेल्या तोंडाने मालकाला सामोरे धावते. मालकाला वाटते, ह्याने मूल खाल्ले. मुंगूस मारले जाते. आत जाऊन पाहावे तो मूल सुखरूप. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ ह्या पाचव्या तंत्रात ही कथा आहे, आणि हितोपदेशात ती उज्जयिनीच्या माधव नावाच्या ब्राह्मणाची म्हणून येते.

हितोपदेशात मुंगूस मारतो तो बाप. पूर्णभद्र ह्या जैन पंडिताने 1199 मध्ये सिद्ध केलेल्या पाठात मारते ती आई, आणि आम्हांस हा पाठ सरस वाटतो. कारण त्यात घाताचे बी आधीच पेरलेले आहे. त्या बाईने पोरक्या मुंगसाला पोटच्या मुलाबरोबर वाढविले, परंतु त्याच्यावर विश्वास मात्र कधी ठेवला नाही. जातीने हिंस्र, केव्हा उलटेल कोण जाणे, हा विचार तिच्या मनातून गेलाच नाही. म्हणून डोईवरचा पाण्याचा घडा ती त्याच्यावर घालते तेव्हा तो केवळ क्षणाचा संताप राहत नाही. माया केली पण भरवसा दिला नाही, अशा एका दीर्घ नात्याचा तो शेवट होतो. आपल्या बालवाचनमालांत ही कथा देताना नेमकी हीच ओळ गाळतात आणि तळाशी ‘तात्पर्य’ छापतात. तात्पर्य राहते, कथा जाते.

आता तिचा प्रवास पाहू. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भाषेत गेलेल्या महासांघिकांच्या विनयग्रंथात ती सापडते. म्हणजे बौद्ध भिक्षूंनी ती उत्तरेकडे नेली होती. पश्चिमेकडची वाट निराळी. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशीरवानाच्या आश्रयाने बुर्झोए नावाच्या वैद्याने हा कथासंग्रह पहलवीत उतरविला. ते भाषांतर नष्ट झाले. परंतु त्यावरून 750 च्या सुमारास इब्न अल्-मुकफ्फा ह्याने अरबीत ‘कलीला व दिम्ना’ रचले. अरबीतून हिब्रूत आणि हिब्रूतून तेराव्या शतकात कापुआच्या योहानाने लॅटिनमध्ये, असा तो युरोपात पोहोचला. वाटेत मुंगसाचे रूप पालटले. ज्या देशांत मुंगूस घरी पाळीत नाहीत तेथे ते प्रथम त्याच्यासारखाच एक लहान, चपळ प्राणी झाले, मग कुत्रा झाले. टेओडोर बेन्फाय ह्या जर्मन पंडिताने 1859 मध्ये पंचतंत्राच्या आपल्या भाषांतराला जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत हे मार्ग उलगडून दाखविले, आणि युरोपातील बहुतेक अद्भुत कथांचे माहेर भारतच, असा सिद्धान्त मांडला. पुढच्या अभ्यासकांनी तो तेवढ्या विस्ताराने मान्य केला नाही. आपण मात्र त्याचा पहिला अर्धा भाग तेवढा पाठ केला आहे.

आमचे लक्ष वेधते ती ह्या प्रवासातील दोन गावे. पहिले फ्रान्समधले, लियों शहराच्या उत्तरेस, दोंब नावाच्या तळ्यांच्या प्रदेशातले. तेराव्या शतकाच्या मध्यास एत्येन द बूर्बों हा डोमिनिकन पंथाचा धर्मसंन्यासी तेथे पाखंडाच्या चौकशीसाठी हिंडत होता. कबुलीजबाब ऐकताना बायका सांगू लागल्या की आम्ही आपली मुले संत गिनफोर् ह्याच्याकडे नेतो. हा संत कोण म्हणून त्याने चौकशी केली, तो तो कुत्रा निघाला. एका सरदाराच्या वाड्यात त्याने पाळण्यातले मूल सर्पापासून वाचविले, धन्याने त्यालाच तलवारीने मारले, चूक कळल्यावर त्याचे शव विहिरीत टाकून वर दगड रचले आणि झाडे लावली. पुढे वाडा ओस पडला, प्रदेश उजाड झाला. पण शेतकऱ्यांनी त्या जागेचा मान राखला. आजारी, खुरटलेली तान्ही मुले घेऊन आया तेथे जात, मीठ वाहत, झुडपांवर बाळाचे कपडे टांगीत, दोन झाडांच्या खोडांमधून मुलाला नऊ वेळा पलीकडच्या म्हातारीच्या हाती देत, शेजारच्या शालारोन नदीत नऊ वेळा बुडवीत. ह्या विधीत काही मुले दगावतही असत. एत्येनने तसे लिहून ठेविले आहे, आणि तेवढ्यापुरता त्याचा संताप आम्हांस समजतो.

त्याने कुत्र्याची हाडे उकरून काढविली, ती राई तोडविली आणि दोन्ही एकत्र जाळविली. पुन्हा कोणी तेथे जमल्यास त्याची मालमत्ता जप्त होईल असे फर्मान त्या भूमीच्या धन्यांकडून काढविले. आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक स्थानिक अभ्यासक तेथे गेला, तेव्हा ती राई संत गिनफोर्च्याच नावाने ओळखली जात होती आणि आया मुले घेऊन तेथे येत असल्याचे लोक सांगत होते. झाँ-क्लोद श्मित ह्या फ्रेंच इतिहासकाराने 1979 मध्ये ह्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

दुसरे गाव वेल्सच्या डोंगरांतले बेदगेलर्ट. राजपुत्र ल्यूएलिन ह्याचा गेलर्ट नावाचा शिकारी कुत्रा, लांडगा, पाळणा, तलवार, तीच कथा. आणि शेतात कुत्र्याचे थडगे, त्यावर शिलालेख. थडगे खरे नाही. गावाचे नाव एका प्राचीन ख्रिस्ती साधूवरून पडलेले आहे, आणि ते दगड अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका खाणावळवाल्याने प्रवाशांना ओढण्यासाठी उभे केले, असे आता सर्वमान्य आहे. प्रवासी अद्याप जातात. अश्रू ढाळून परततात असेही म्हणतात, आणि त्या अश्रूंना खोटे म्हणण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. परंतु दोंबमधल्या आया आणि बेदगेलर्टचे प्रवासी ह्यांत अंतर आहे. एकीने आपले मूल त्या कथेच्या हवाली केले होते. दुसऱ्याने तिकिटाचे पैसे वसूल केले.

ह्या दोन्ही गावांवरून पुन्हा आपल्या ग्रंथाकडे वळले की एक गोष्ट खटकते. पंचतंत्रात मुंगसाला थडगे नाही. राई नाही, दगड नाही. आई ऊर बडवते, आणि भिक्षेच्या लोभाने मूल सोडून गेलास म्हणून नवऱ्याला बोल लावते. आणि त्या लोभाच्या धाग्याने कथा लगेच चार द्रव्यलोभी ब्राह्मणांकडे वळते. मुंगूस तेथेच अंगणात पडून राहते. वारुळाला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या समाजाला ह्याची उणीव का वाटली नसावी? आम्हांस वाटते, हा श्रोत्याचा प्रश्न आहे. विष्णुशर्म्यासमोर राजपुत्र बसले होते. उद्या त्यांच्या हाती दंड येणार होता, म्हणून मारणाऱ्याच्या बाजूने कथा सांगणे त्याला भाग होते: तपासल्यावाचून हात उगारू नका. दोंबमध्ये ती आयांच्या हाती गेली. त्यांना न्यायदंडाशी काय करायचे होते? ज्याने पाळण्यापाशी पहारा केला आणि त्यापायी जो मेला तो कोण, एवढेच त्यांनी तिच्यातून उचलले. कथा कोणत्या वाटेने तेथवर आली ह्याचा तर्क पंडित करोत. त्या राईतली कथा पंचतंत्राची नक्कल नव्हे; तीत आपल्या ग्रंथाने अंगणात टाकून दिलेले मुंगूस कोणीतरी उचलून घेतले आहे.

ह्या कथेचा आणखी एक धागा आम्हांस घराजवळ आणून सोडतो. त्या आयांची हकिकत आज आपणांस कळते ती एत्येनमुळे. ज्याने राई जाळली त्यानेच ती टिपून ठेविली, आणि ती टिपली नसती तर त्या आयांचे विधीही धुरात गेले असते. गोमंतकाला हे चमत्कारिक ऋण परिचयाचे आहे. 1560 मध्ये श्रीमंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास नेले गेले. व्याघ्ररूप पाहून भ्यालेल्या पार्वतीच्या ‘त्राहि मां गिरीश’ ह्या आक्रोशाची कथा त्याच्याबरोबरच गेली, आणि नव्या जागी ती परकी ठरली नाही. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. देवळे ज्यांच्या राज्यात पडली त्यांच्याच धर्मगुरूंनी लोकांची भाषा शिकण्यासाठी सोळाव्या शतकातील रामायण-भारताच्या कोंकणी गद्यकथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्या गावांतल्या मूळ पोथ्या आज आपल्या हाती नाहीत. उतरवून घेतलेल्या प्रती मात्र पोर्तुगालमध्ये, ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात, सुरक्षित आहेत.