वाळवंटांतील शामान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेवाडा या राज्याच्या वायव्य भागांत ब्लॅक रॉक नांवाचें वाळवंट आहे. वाळवंट म्हटलें तरी वाळू तेथें थोडीच. एका प्राचीन सरोवराचा तो आटलेला तळ असून त्यावर क्षारयुक्त पांढऱ्या धुळीचें साम्राज्य आहे. दरवर्षीं ऑगस्टच्या अखेरीस येथें सुमारें ७०,००० माणसें जमतात, आठ-नऊ दिवसांपुरतें एक नगर उभारतात, मध्यभागीं उभा केलेला प्रचंड लांकडी पुतळा जाळतात आणि नगर मोडून घरोघर जातात. हाच ‘बर्निंग मॅन’ नांवाचा कलोत्सव. १९८६ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील समुद्रकांठीं लॅरी हार्वे व जेरी जेम्स या दोघांनीं एक लहानसा पुतळा जाळला, तो याचा उगम. १९९० सालीं तेथें दहनास मनाई झाली तेव्हां ही मंडळी वाळवंटांत आली. पुढें २००४ सालीं हार्वे यांनीं या नगराचीं दहा तत्त्वें लिहून काढलीं. मोबदल्याची अपेक्षा न धरतां दान करावें, बाजार दूर ठेवावा, आपला भार आपण वाहावा, आणि जातांना मागें कसलाही माग ठेवूं नये, हीं त्यांतील प्रमुख होत. बर्फासारखी एखादी वस्तु सोडली तर नगरांत विकत कांहीं मिळत नाहीं. प्रवेशपत्राला मात्र शेंकडों डॉलर पडतात, पण तो भाग वेशीबाहेरचा!

या नगरांतील कांहीं छावण्या ‘शामानिक उपचारा’साठीं उघडलेल्या असतात. तेथें ढोल वाजतो, धूप जळतो, आणि आलेल्या माणसाचा हरवलेला आत्मा शोधून आणण्याचें काम विनामूल्य चालतें. या कामीं स्वयंसेवक म्हणून राहिलेल्यांनीं लिहिलेल्या वृत्तांतांचा आतां एक लहानसा वाङ्मयप्रकारच झाला आहे. आम्ही येथें परीक्षण करणार तें त्या छावण्यांचें नव्हे, तर या लेखनाचें व त्यामागें उभ्या असलेल्या ग्रंथांचें.

प्रथम शब्दाविषयीं. ‘शामान’ हा शब्द सायबेरियांतील एवेन्की लोकांचा. व्याधीचें शमन करतो तो शामान, असें म्हणण्याचा मोह आपल्याकडील वाचकास होईल. तो त्यानें आवरावा. हा शब्द मूळचा आपला ‘श्रमण’च, बौद्ध भिक्षूंबरोबर तो मध्य आशियांतून उत्तरेस गेला, असें कांहीं पंडितांचें मत आहे, पण तें सर्वमान्य नाहीं. मराठींत त्यास ‘देवऋषी’ म्हणावें तर तेंही जुळत नाहीं. देवऋषीच्या अंगांत देव येतो. शामानाचा जीव अंगाबाहेर जातो, आणि रोग्याचा आत्मा घेऊन परत येतो. हा भेद मिर्चा एलियाडे यांनीं १९५१ सालच्या आपल्या फ्रेंच ग्रंथांत आग्रहानें मांडला. तरुणपणीं कलकत्त्यास सुरेंद्रनाथ दासगुप्तांजवळ शिकलेल्या या पंडितानें सायबेरियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचे शामान एका सूत्रांत ओंवले. ग्रंथ विद्वत्तेचा खरा. परंतु जें एका टेबलावर शेजारीं शेजारीं मांडतां येतें तें मूळचें एकच आहे, असा समज त्यानेंच रूढ केला, असें आमचें मत आहे.

त्या समजाचा व्यवहारांत उपयोग केला तो मायकेल हार्नर यांनीं. १९५६-५७ सालीं ते इक्वेडोरमधील हिवारो लोकांत राहिले. १९७२ सालीं त्यांनीं त्या लोकांवर लिहिलेला ग्रंथ कठोर आणि प्रामाणिक आहे. त्यांतील शामान रोग बरा करतो तसा रोग पाठवितोही; ज्या अदृश्य बाणांच्या बळावर तो हें करतो ते त्यास दुसऱ्या शामानाकडून मोल देऊन घ्यावे लागतात; आणि कोणाच्या मरणाचा आरोप त्याच्यावर आला तर मृताचे आप्त त्याचा जीव घेण्यास कमी करीत नाहींत. याच हार्नरांनीं १९८० सालीं ‘शामानाचा मार्ग’ दाखविणारें पुस्तक लिहिलें. त्यांत बाणांचा बाजार नाहीं, सूड नाहीं, भय नाहीं; उरला तो ढोलाचा जलद, एकसुरी ठेका आणि डोळे मिटून करावयाचा प्रवास. ‘गाभ्याचा शामानधर्म’ हें त्यांनीं या अर्काला दिलेलें नांव. पहिल्या ग्रंथाचा लेखक दुसऱ्याचा परीक्षक झाला असता तर त्यानें काय लिहिलें असतें, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. कार्लोस कास्टानेडा यांच्या १९६८ पासूनच्या पुस्तकांविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. त्यांतील गुरु बहुतांशीं कल्पित असावा, हें रिचर्ड डी मिल यांनीं १९७६ सालीं साधार दाखविलेंच आहे.

वाळवंटांतले स्वयंसेवक हार्नरांचे वंशज होत. त्यांच्या वृत्तांतांचा घाट ठराविक असतो: आरंभीं धूळ व संशय, मग ढोल, मग एखाद्या अनोळखी माणसाचें ओक्साबोक्शी रडणें, आणि शेवटीं लेखकास स्वतःलाच झालेला साक्षात्कार. भाषा ‘ऊर्जा’, ‘प्रकाश’, ‘एकत्व’ अशा शब्दांवर तरंगत राहते. रोगी कोण, त्यास काय होत होतें, हें बहुधा कळतच नाहीं. पण हेच लेखक तंबूच्या खुंट्या ठोकणें, माणशीं दररोज दीड गॅलन पाणी पुरविणें, सांडपाण्याचा थेंबही जमिनीवर पडूं न देतां तें परत नेणें, धुळीच्या वादळांत वाट चुकलेल्यास हातीं धरून आणणें, याविषयीं लिहूं लागले कीं वाक्यांना एकाएकीं हाडें फुटतात. दिवसभर राबून, नांव न विचारतां, परक्याच्या उशाशीं बसणारीं ही माणसें ढोंगी आहेत असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. ज्याचें कोणी वर्षभर ऐकून घेतलें नाहीं त्याचें ऐकून घेतलें गेलें, यानेंच पुष्कळांस बरें वाटत असेल.

बरें वाटणें आणि बरें होणें यांतला संबंध मात्र गहन आहे. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनीं १९४९ सालच्या एका निबंधांत क्वेसालीद नांवाच्या क्वाकिउट्ल शामानाची हकीकत सांगितली आहे. शामानांचें बिंग फोडावें म्हणून हा तरुण त्यांचा शिष्य झाला. तोंडांत पिसाचा पुंजका लपवावा, जीभ चावून तो रक्तानें माखावा, आणि रोग्याच्या देहांतून ओढून काढलेला रोग म्हणून दाखवावा, ही विद्या तो शिकला. पण त्याच्या हातून रोगी बरे होऊं लागले, आणि बिंग फोडावयास निघालेला माणूस नामांकित वैदू होऊन बसला. लेव्ही-स्ट्रॉस यांचा निष्कर्ष असा कीं, येथें तीन श्रद्धा लागतात: वैदूची, रोग्याची आणि दोघांभोंवतीं बसलेल्या गांवाची.

छावणींत तिसरी कोठून आणावयाची? हें नगरच आमचा गांव, असें स्वयंसेवक म्हणतील. पण ज्या गांवांत नवव्या दिवशीं वैदू रोग्यास सांपडत नाहीं, त्यास गांव कसें म्हणावें? मागें माग न ठेवण्याचें तत्त्व कचऱ्याच्या बाबतींत उत्तम आहे. रोग्यांच्या बाबतींत तें घातक होय. शिवाय जुना शामान स्वयंसेवक नव्हता. त्यास बहुधा एखाद्या दीर्घ आजारानें या कामीं ओढलेलें असे. पुष्कळदां तो नको म्हणत असे, आणि त्याची सुटका होत नसे. उपचार फसला तर त्याच लोकांत त्यास उद्यांही राहावयाचें असे. जेथें असा गांव नसतो तेथें जबाब विचारावयास शेवटीं न्यायालय येतें. २००९ सालीं ॲरिझोनांतील सेडोना येथें एका व्याख्यात्यानें माणशीं ९,००० डॉलरांहून अधिक घेऊन भरविलेल्या शिबिरांत घामाच्या विधीच्या वेळीं तिघे दगावले. २०११ सालीं चालकास निष्काळजीपणानें मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविण्यांत आलें. वाळवंटांतील विनामूल्य सेवा या धंद्याहून कितीतरी निर्मळ आहे. पण जबाबदारी कोणावर, हा प्रश्न दोहोंकडे तोच.

आणि ज्यांची ही विद्या त्यांचें काय? याच नेवाडांत १ जानेवारी १८८९ रोजीं, खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशीं, वोवोका या पायूट पुरुषास दृष्टांत झाला. मेलेले आप्त परत येतील, सलोख्यानें राहा आणि नाचा, असें त्याचें सांगणें होतें. तो नाच मैदानी प्रदेशांतील जमातींत पसरला, सरकार भ्यालें, आणि १८९० च्या डिसेंबरांत वूंडेड नी येथें सैन्यानें लाकोटांचीं बायकामुलें धरून दोनशेंहून अधिक माणसें मारलीं. ब्लॅक रॉककडे जाणारा एक मुख्य रस्ता आजही पिरॅमिड सरोवराच्या पायूटांच्या राखीव प्रदेशांतून जातो. १९९३ सालीं लाकोटांनीं आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध उघड युद्धाची घोषणा केली, तीमागचा संताप हा इतिहास ठाऊक असल्यावांचून कळावयाचा नाहीं. दृष्टांताकरितां एकानें गोळ्या खाव्यात आणि दुसऱ्यानें सुटीच्या आठवड्यांत तो वांटावा, ही विषमता स्वयंसेवकांच्या लेखनांत क्वचितच उमटते.

त्याच नगरांत २००० सालापासून एक लांकडी मंदिरही उभें राहतें. डेव्हिड बेस्ट या शिल्पकारानें अपघातांत गेलेल्या एका मित्राच्या स्मरणार्थ त्याचा प्रारंभ केला. तेथें वैदू नाहीं, ढोल नाहीं, आत्मा आणून देण्याचें वचनही नाहीं. माणसें येतात, मेलेल्यांना चार ओळी भिंतीवर लिहितात, फोटो ठेवतात. शेवटच्या रात्रीं तें सारें जाळतात, आणि पुतळ्याच्या दहनाच्या वेळीं आरडाओरडा करणारा तोच समुदाय येथें बहुधा निःशब्द बसतो. उपचाराच्या छावण्यांहून हें आम्हांस अधिक खरें वाटतें, कारण येथें जें दिलें जातें तें देणाऱ्याचें स्वतःचें आहे.

स्वयंसेवकांचे वृत्तांत राखेजवळ संपतात. त्यांच्यापैकीं एखाद्यानें नोव्हेंबर महिन्यांत, ज्याच्या उशाशीं आपण बसलों होतों त्याचें घर शोधून काढावें, तो आतां कसा आहे हें पाहावें आणि जें दिसेल तें लिहावें. असा वृत्तांत अद्याप आमच्या वाचनांत आलेला नाहीं.