उत्सर्ग, अपवाद आणि ‘सिंक्रोनेट’

‘सिंक्रोनेट’ ही संगणकीय सूचनाफलक (बुलेटिन बोर्ड) चालविणारी प्रणाली होय. तिच्या कार्यपद्धतीत बदल करावयाचा झाल्यास ‘एक्झेक’ ह्या फोल्डरमधील मूळ फाइलीला हात लावावा लागत नाही. त्याच नावाची सुधारलेली प्रत ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये ठेवली की प्रणाली तीच आधी उचलते. नवी आवृत्ती बसविताना ‘एक्झेक’मधील फाइली बदलल्या, तरी फलकचालकाचे काम अबाधित राहते.

ह्या योजनेवरून पाणिनीय व्याकरणातील उत्सर्ग-अपवादांचे स्मरण होते. परंतु हे साम्य अपुरे आहे. कर्मवाचक उपपद असता धातूला सामान्यतः ‘अण्’ प्रत्यय लागून ‘कुम्भकार’ असे रूप सिद्ध होते. उपसर्गरहित आकारान्त धातूपुरता ‘क’ लागून ‘गोद’ होते. अपवाद आपले क्षेत्र तेवढे घेतो. अन्यत्र उत्सर्गाचीच सत्ता चालते. ‘मॉड्स’मधील प्रत मात्र एका ओळीच्या बदलासाठी संपूर्ण फाइल झाकून टाकते. पुढे मूळ फाइलीतील एखादा सुरक्षाविषयक दोष दूर झाला, तरी ही प्रत तो जपूनच ठेवते.

ह्याच प्रणालीत अधिक शास्त्रशुद्ध मार्गही आहे. पडद्यावर उमटणारी वाक्ये ‘टेक्स्ट.डॅट’मध्ये असतात, त्यांपैकी हवे ते वाक्य ‘टेक्स्ट.आयएनआय’मध्ये लिहिले की तेवढेच बदलते. अपवाद म्हणावा तो हाच.

तेव्हा केलेला बदल टिकतो एवढ्यावरून रचनेची परीक्षा करू नये. तो किती झाकतो, हेही पाहावे. ‘मॉड्स’चा आश्रय निरुपायानेच घ्यावा आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर आपली प्रत मूळ फाइलीशी ताडून पाहावी.