व्हिडिओ गेममधील पात्रांचे दीर्घायुष्य : तमाशातील पात्रपरंपरेच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

व्हिडिओ गेम या माध्यमाने आता अर्धशतकाची वाटचाल पूर्ण केली आहे. न्यूयॉर्क येथील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये चौदा गेम आपल्या संग्रहात दाखल करून घेतले आणि या माध्यमाकडे कला म्हणून पाहण्यास एक प्रकारे मान्यता दिली. साहित्य, नाटक आणि चित्रपट यांच्याप्रमाणेच गेमनेही स्वतःची पात्रे निर्माण केली आहेत. यांपैकी कोणती पात्रे आणखी शंभर वर्षांनी ओळखली जातील, हा प्रश्न वरवर पाहता कुतूहलाचा वाटतो. वस्तुतः तो पात्रकल्पनेच्या मुळाशी जाणारा समीक्षेचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा खपाच्या आकड्यांवरून दिले जाते. परंतु खप हा वर्तमानाचा पुरावा असतो, भविष्याचा नव्हे. पात्र दीर्घकाळ कशामुळे टिकते हे पाहावयाचे असेल, तर आधीच दीर्घकाळ टिकलेल्या पात्रांकडे वळले पाहिजे. मराठी अभ्यासकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. पुणे-नाशिक मार्गावर आंबेगाव तालुक्यातील पेठ, मंचर आणि पुढे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हा सारा पट्टा गावोगावच्या जत्रांचा आणि तमाशाचा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन जत्रेसाठी तमाशाची सुपारी देतात. या रंगभूमीवरील पात्रांच्या आयुष्याचा आधार घेऊन व्हिडिओ गेममधील काही प्रमुख पात्रांचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मावशी आणि सावळ्या कुंभार : टिकण्याची कारणे

गण, गवळण, बतावणी आणि वग या तमाशाच्या मांडणीत गवळणीतील मावशी हे पात्र विशेष लक्षणीय आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडविणारे कृष्ण आणि पेंद्या, आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली मावशी, एवढाच हा प्रसंग. मावशीची भूमिका पुरुष करतो. डोक्यावरून घेतलेला पदर, पुरुषी आवाज आणि हजरजबाबीपणा एवढ्या सामग्रीवर हे पात्र उभे राहते. तिला पूर्वचरित्र नाही, ठरीव संवादही नाहीत. तिच्या तोंडी येणारे विनोद त्या त्या गावाचे आणि त्या त्या वर्षाचे असतात. प्रसंग कायम राहतो, त्यातील बोलणे मात्र प्रत्येक खेळात नवे होते.

वगातील पात्रांचे आयुष्य थोड्या वेगळ्या मार्गाने वाढते. हरिभाऊ वडगावकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगातील सावळ्या कुंभार दादू इंदुरीकर यांनी असा उभा केला की, पात्र आणि नट एकरूप झाले. तरीही पुढे मकरंद अनासपुरे यांनी त्याच नावाच्या चित्रपटात ही भूमिका केली आणि ती नव्या प्रेक्षकांनी स्वीकारली. येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे स्मरण हे एका थोर कलावतीचे स्मरण आहे. त्यांची जागा दुसऱ्या कोणाला घेता येत नाही. मावशी आणि सावळ्या यांच्या जागी मात्र दुसरा नट उभा राहू शकतो, किंबहुना तसा तो उभा राहिला तरच ही पात्रे जगतात.

यावरून तीन निकष हाती येतात. पात्राची ओळख अत्यल्प खुणांनी पटली पाहिजे; त्याची एक ठळक कृती असली पाहिजे; आणि त्यात नव्या माणसाला शिरण्याइतकी मोकळी जागा असली पाहिजे.

पॅक-मॅन आणि मारिओ : मर्यादेतून घडलेले रूप

तोरू इवातानी यांनी रचलेला आणि नाम्को कंपनीने १९८० मध्ये आणलेला पॅक-मॅन या निकषांवर सर्वांत पुढे आहे. एक पिवळे वर्तुळ आणि त्याचे उघडझाप करणारे तोंड, एवढेच त्याचे रूप. खाणे ही त्याची कृती आणि पाठलागापासून पळणे ही त्याची अवस्था. भूक आणि भीती या दोन आदिम प्रेरणांना भाषांतराची गरज लागत नाही. त्याचा पाठलाग करणाऱ्या चार भुतांच्या हालचाली मात्र एकसारख्या नाहीत. एक मागे लागते, दुसरे पुढून वाट अडवू पाहते. स्वभाव संवादातून न सांगता चालण्यातून दाखविण्याचे हे उदाहरण आहे.

शिगेरू मियामोतो यांचा मारिओ १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ या गेममध्ये प्रथम अवतरला. त्या काळातील पडद्यावर मोजक्याच ठिपक्यांत माणूस दाखवावा लागे. तोंड रेखाटणे अवघड म्हणून मोठे नाक आणि मिशी आली, केस टाळण्यासाठी टोपी आली आणि हातांची हालचाल दिसावी म्हणून रंगाने वेगळा उठून दिसणारा पोशाख आला. मावशीचा पदर आणि मारिओची मिशी यांचे कार्य एकच आहे. साधने अपुरी असताना ओळख पटविणे, हे ते कार्य होय. पुढे तंत्र कितीही सुधारले तरी ही खूण बदलली नाही.

मारिओचा व्यवसायही पक्का नाही. आरंभी तो सुतार होता, १९८३ च्या गेममध्ये नळकारागीर झाला, नंतर तो मोटारी हाकू लागला आणि टेनिसही खेळू लागला. उडी मारणे तेवढे कायम राहिले. १९९३ मध्ये त्याच्यावर निघालेला चित्रपट अपयशी ठरला, तर २०२३ च्या चित्रपटाने जगभर १३० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. एक चित्रपट पडल्याने पात्र मरत नाही, याचा हा दाखला होय. वाईट नट आला म्हणून मावशीही कधी संपली नाही.

लारा क्रॉफ्ट : तंत्राशी जखडलेले पात्र

१९९६ मध्ये ‘टूम रेडर’मधून आलेली लारा क्रॉफ्ट ही वेगळ्या जातीची नायिका आहे. तिला घराणे, संपत्ती, शिक्षण आणि विस्तृत पूर्वचरित्र आहे. तिची कीर्तीही मोठी आहे. तथापि तिचे रूप त्या त्या काळातील चित्रणतंत्राशी आणि स्त्रीदेहाकडे पाहण्याच्या दृष्टीशी बांधले गेले. त्यामुळे २०१३ मध्ये तिला वयाने लहान आणि स्वभावाने अनुभवहीन करून नव्याने घडवावे लागले.

पुनर्रचना हेच चैतन्याचे लक्षण नव्हे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. तो काही अंशी रास्त आहे. परंतु मावशीच्या प्रत्येक नव्या खेळात जुनी मावशी ओळखू येते. लाराच्या प्रत्येक नव्या अवतारात जुनी लारा पुसावी लागते. यास्तव लाराचे नाव आणि साहसी स्त्रीचा तिने रुजविलेला नमुना टिकेल, पण एक निश्चित व्यक्तिरेखा म्हणून ती टिकेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

खेळ लोकप्रिय, पात्र अनामिक

महाराष्ट्रातील शहरांत आणि खेड्यांत तरुणांना ज्या गेमने झपाटून टाकले, त्या पबजीत स्मरणात राहावे असे पात्रच नाही. खेळणाराच तेथे नायक असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने या गेमवर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने भारतात आला, तरी कोण्या नायकाची उणीव कोणास भासली नाही. लोकप्रियता आणि पात्राचे स्मरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

याच्या नेमके उलट उदाहरण मुस्तफाचे आहे. कॅपकॉम कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३ चा गेम एका अमेरिकी चित्रकथेवर आधारलेला होता आणि त्याचा मुख्य नायक जॅक हा होता. भारतातील गेम पार्लरमध्ये मात्र चार पात्रांपैकी मुस्तफा हाच लाडका ठरला आणि संपूर्ण खेळच ‘मुस्तफा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. इंग्रजी शीर्षक उच्चारणे कठीण होते, नाव जवळचे वाटत होते आणि धावत येऊन लाथ मारण्याची त्याची लकब नजरेत भरणारी होती. निर्मात्याने दुय्यम ठेवलेल्या पात्राला रसिकांनी नायकपद दिले. लोकपरंपरेत असे वारंवार घडते. तथापि ही कीर्ती पार्लरमध्ये नाणी टाकणाऱ्या पिढीची आहे. ते पात्र पुन्हा नव्याने खेळविले गेले नाही, तर त्या पिढीबरोबरच त्याची आठवणही मावळेल.

राजी : पुण्यात घडलेली नायिका

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. त्यानंतरही काम पूर्ण करून या संस्थेने २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळविले. असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली राजी ही कसरती करणारी मुलगी आहे. दुर्गेने दिलेला त्रिशूळ हे तिचे शस्त्र असून विष्णू आणि दुर्गा यांच्या संवादातून तिची कथा उलगडते.

कल्पना समर्थ आहे आणि दृश्यरचना देखणी आहे. कसरतपटूची चपळता ही तिची ठळक कृतीही आहे. तथापि राजीचे निवेदन देवांकडे आणि बळ देवीच्या शस्त्राकडे असल्यामुळे तिचा स्वतःचा स्वभाव पुरेसा आकाराला येत नाही. तिचा त्रिशूळ लक्षात राहतो. ती कशावर हसते, कोणाला टोमणा मारते, हे कळत नाही. ही मोकळी जागा मावशीच्या मोकळ्या जागेसारखी नाही. मावशीचा स्वभाव पक्का असून तिचे शब्द मोकळे असतात, येथे शब्द ठरलेले असून स्वभाव मोकळा राहिला आहे. शेजारच्याच जिल्हाभागात इतकी समर्थ पात्रपरंपरा नांदत असताना पुण्यात घडलेल्या नायिकेला तिचा स्पर्श होऊ नये, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

मालकी आणि आयुष्य

पात्राचे गुण कितीही असले तरी त्याला खेळविणारा कोणी असावा लागतो. मावशी कोणाच्याही मालकीची नाही. तिला उभी करण्यासाठी परवाना लागत नाही, पण फड लागतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनामुळे जत्रा थांबल्या, तेव्हा फडांबरोबर ही पात्रेही थांबली. गेममधील पात्राची स्थिती याच्या विरुद्ध आहे. त्याला खेळविणारे कोट्यवधी असतात, पण मालक एकच असतो. त्याने विक्री थांबविली की पात्र दृष्टीआड होते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. अमेरिकी कायद्यात कंपनीच्या अशा जुन्या कृतींना प्रकाशनापासून ९५ वर्षे संरक्षण असते. १९२८ मधील मिकी माऊस २०२४ मध्ये मुक्त झाला. पॅक-मॅनला तोवर अर्धशतक वाट पाहावी लागेल.

निष्कर्ष

१. पॅक-मॅन आणि मारिओ ही दोन पात्रे दीर्घकाळ टिकण्याची शक्यता सर्वाधिक आहे. त्यांची ओळख एका आकारात आणि एका कृतीत सामावलेली असून ती तंत्रावर अवलंबून नाही.

२. लारा क्रॉफ्ट व्यक्तिरेखा म्हणून नव्हे, तर नमुना म्हणून टिकेल. मुस्तफासारखी स्थानिक कीर्तीची पात्रे पुनःसादरीकरणाअभावी लुप्त होण्याचा धोका आहे.

३. मालक नसलेले पात्र कलावंत संपले की मरते आणि मालकाचे पात्र मालकाची आस्था संपली की मरते. म्हणून फडांतील बतावणी व गवळण यांचे ध्वनिचित्रमुद्रण आणि जुन्या गेमचे जतन ही दोन्ही कामे एकाच स्वरूपाची आहेत. महाविद्यालयांच्या मराठी आणि संगणकशास्त्र विभागांनी ती एकत्र हाती घेण्यास हरकत नसावी.

४. मावशी, पेंद्या आणि सावळ्या कुंभार यांच्याकडे दीर्घायुष्याचे सर्व गुण आहेत. नव्या माध्यमात त्यांना अद्याप ठळक स्थान मिळालेले नाही. हे स्थान मिळावयाचे असेल, तर त्यांची वेशभूषा उचलून भागणार नाही. ठरलेल्या प्रसंगात दर वेळी नवे बोलण्याची त्यांची रीत गेमच्या रचनेत उतरवावी लागेल.