ग्रहण राजाचे, मरण दुसऱ्याचे

खगोलशास्त्राच्या इतिहासात बॅबिलोनियाच्या ज्योतिर्विदांना मानाचे पान असते. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवसांनी, ग्रहणे त्याच क्रमाने फिरून येतात, हे तिथल्या पंडितांनी शतकांच्या नोंदींतून शोधले. हा गौरव रास्तच आहे. पण हे ज्ञान कोणाच्या पदरी होते आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे गौरव करणारे विचारीत नाहीत.

उत्तर निनवे येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर आहे. ॲसिरियाचे राजे एसरहद्दोन (इ.स.पू. ६८१–६६९) आणि अशुरबनिपाल यांना दरबारी पंडितांनी लिहिलेली ही पत्रे सिमो पार्पोला यांनी १९७० साली अनुवादासह प्रसिद्ध केली. ग्रहण येणार की टळणार, हे पंडित राजाला आगाऊ कळवीत. चंद्रबिंबाचे चार भाग चार देशांचे मानलेले. आपला भाग काळवंडला की राजावर मृत्यूचे सावट. गुरू ग्रह दिसला तर राजा वाचला. नाहीतर बदली राजा बसवायचा. त्याच्याशेजारी एक स्त्री राणी म्हणून बसवायची आणि शंभर दिवसांच्या आत दोघांचाही शेवट करायचा.

त्या काळात खऱ्या राजाला पत्रात ‘शेतकरी’ म्हणून संबोधीत! राबणाऱ्याचे नाव घेतले ते जीव वाचवण्यापुरते.

इ.स.पू. ६७१ च्या सुमारास अक्कड येथे दमकी नावाचा बदली राजा मेला. मार-इश्शार हा अधिकारी राजाला कळवतो की, दमकी राजाच्या सुटकेसाठी आपल्या नियतीला गेला; दोघांना सजवले, पुरले, त्यांच्यासाठी शोक केला, अपशकुन फिटले. मारले, असा शब्द नाही. दमकी मंदिराच्या बड्या अधिकाऱ्याचा मुलगा होता, म्हणून त्याचे नाव तरी उरले. राणीचे नाव मार-इश्शार लिहीत नाही. लोक भेदरले होते, हे मात्र तो लिहून जातो. म्हणजे लोकांना ही नियती वाटली नव्हती.

भाकीत आले म्हणून भीती गेली नाही. भाकिताने राजाला सोय करून घ्यायला सवड दिली. ज्ञान सत्तेच्या दारी बांधलेले असले की ते माणसाला आपोआप मुक्त करीत नाही. विद्यार्थ्यांना ग्रहणाचे गणित शिकवावेच. त्याच तासाला त्या नाव नसलेल्या राणीविषयीही बोलावे.