वृक्षरूप माहितीची वाचनीय मांडणी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे मलप्रभा नदी उगम पावते व कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. मुख्य नदी, तिच्या उपनद्या व त्यांच्याही उपनद्या या रचनेला संगणकशास्त्रात 'वृक्ष' म्हणतात. फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये वृक्षाची व्याख्या सुटसुटीत असते : एक नाव आणि शून्य किंवा अधिक उपवृक्ष. असा वृक्ष पडद्यावर मजकुराच्या रूपात दाखविण्याच्या पद्धती मराठी विद्यार्थ्याला कितपत उपयोगी पडतात, हे येथे तपासले आहे.

प्रचलित पद्धती

हॅस्केल भाषेतील 'शो' हे फंक्शन वृक्ष एका ओळीत, कंसांसह लिहिते. हा मजकूर यंत्राला पुन्हा वाचता यावा, हा त्याचा हेतू होय. मात्र त्यात 'कृष्णा' हे नाव \2325\2371\2359\2381\2339\2366 असे उमटते. यंत्राची सोय होते; वाचणाऱ्याला नदी सापडत नाही.

'ड्रॉट्री' हे फंक्शन नावे जशीच्या तशी ठेवून आकृती काढते :

कृष्णा
|
+- घटप्रभा
|  |
|  `- हिरण्यकेशी
|
`- मलप्रभा

नाते एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु चार नावांना सात ओळी लागतात. शंभर नावांना 199 ओळी लागतील.

वॅडलर यांची पद्धती व तिची मर्यादा

ओळीची रुंदी पाहून मजकूर मोडण्याचा प्रश्न ओपेन यांनी 1980 मध्ये हाताळला. ह्यूज यांनी 1995 मध्ये त्याला फंक्शनल रूप दिले. वॅडलर यांच्या 2003 मध्ये प्रकाशित निबंधात तो अधिक सोपा झाला : मजकूर ओळीत मावत असेल तर सलग लिहावा, नसेल तर मोडावा. जोडणीची क्रिया एकच असल्याने तिचे नियम सिद्ध करता येतात. ही पद्धत वर्गात शिकविण्याजोगी आहे, यात शंका नाही.

दोष 'मावणे' या कल्पनेत आहे. वॅडलर लांबी संकेतांक मोजून ठरवितात. इंग्रजीत ते चालते. 'कृष्णा' या शब्दात अक्षरे दोन, संकेतांक सहा. 'कृष्णा, मलप्रभा, हिरण्यकेशी' या मजकुरात स्वल्पविराम व मोकळ्या जागा धरून संकेतांक 27 होतात. अक्षरे धरून मोजल्यास 15. वीसच्या रुंदीत ही ओळ विनाकारण मोडली जाईल. प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी नसते हे खरे. तथापि हलन्त चिन्ह व ऋकार यांना स्वतंत्र जागा लागत नाही, म्हणून 27 हा आकडा फुगलेलाच आहे.

समारोप

हा दोष मूळ रचनेचा नाही, मोजपट्टीचा आहे. ह्यूज यांच्या परंपरेतील 'प्रेटी' लायब्ररीत मजकुराची लांबी बाहेरून सांगण्याची सोय आहे. वॅडलर यांच्या रचनेतही लांबी मोजणारे फंक्शनच बाहेरून द्यावे. फंक्शन हे मूल्याप्रमाणे हाती देता येते, हेच तर या शैलीचे बळ होय. अध्यापकांनी हा विषय शिकविताना उदाहरणे इंग्रजी नावांपुरती ठेवू नयेत. विद्यार्थ्याने आपल्या गावच्या नदीचे नाव घालून पाहिले की 'वाचनीय' म्हणजे कोणाला वाचनीय, हा प्रश्न त्याला आपोआप पडेल.