तपशील उघड करणारी ध्वनियंत्रणा आणि संगीताचा आस्वाद : खान्देशातील श्रवणसंचिताच्या संदर्भात

प्रास्ताविक

ध्वनिमुद्रणाने संगीताच्या आस्वादाची रीत आमूलाग्र बदलली, हे आता नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र मुद्रित झालेले गाणे कोणत्या यंत्रणेतून ऐकावे, हा प्रश्न मराठी संगीतसमीक्षेने बहुधा विक्रेत्यांवर आणि हौशी संग्राहकांवर सोपवलेला दिसतो. 'हाय-फाय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महागड्या यंत्रणा गायकाचा श्वास, तंबोऱ्याची जवारी, तबल्याच्या शाईवरील बोटांचा स्पर्श असे बारकावे वेगवेगळे करून कानावर घालतात. त्याच प्रामाणिकपणे त्या तबकडीवरचा ओरखडा, फितीची खरखर आणि ध्वनिमुद्रकाची चूकही पुढे आणतात. अशी यंत्रणा आस्वादाला साहाय्यक ठरते की बाधक, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील श्रवणसंचिताच्या आधारे केला आहे. हे संचित मुख्यतः जुन्या तबकड्या, नभोवाणी, कॅसेट आणि क्षेत्रीय ध्वनिफिती यांचे असल्यामुळे येथे हा प्रश्न चैनीचा राहत नाही. जुने काय टिकवायचे आणि कोणत्या रूपात टिकवायचे, याचा निर्णय त्यात गुंतलेला आहे.

बालगंधर्वांची तबकडी : यंत्र काय दाखवते?

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) लहानपणी काही काळ जळगावात होते आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांना गाण्याचे आरंभीचे शिक्षण मिळाले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे व त्यांच्या नावाने शहरात संगीत महोत्सवही भरत आला आहे. त्यामुळे खान्देशातील रसिकाला बालगंधर्वांविषयी वाटणारी आपुलकी केवळ ऐकीव नाही. तथापि आजच्या पिढीला बालगंधर्व भेटतात ते ७८ गतीच्या लाखेच्या तबकडीतून किंवा तिच्या प्रतीतून. या तबकडीची घडण लक्षात घेतल्याशिवाय पुढचा वाद निरर्थक ठरतो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. १९२५ पूर्वी गायकाला भोंग्यापुढे तोंड करून गावे लागे आणि साधारण दोन ते अडीच हजार हर्ट्झपलीकडचे फारसे काही तबकडीवर उतरत नसे. विजेच्या ध्वनिमुद्रणाने ही मर्यादा पाच हजार हर्ट्झच्या आसपास नेली. गाणे आणि पृष्ठभागाची खरखर यांतील अंतर ३० ते ४० डेसिबलचे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ते ९६ डेसिबल मानले जाते. खरखर मात्र पाच हजार हर्ट्झपाशी थांबत नाही. ती वीस हजारांपर्यंत पसरलेली असते. वीस हजार हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारे स्पीकर अशा तबकडीला जोडले, की वरच्या दोन सप्तकांत गाणे जवळजवळ नसते आणि खरखर तेवढी असते. जुन्या ग्रामोफोनचा भोंगा ही वरची बाजू आपोआप गाळून टाकी. म्हणजे आजोबांच्या ग्रामोफोनवर गाणे 'गोड' वाजे ही केवळ स्मरणरंजनाची बाब नाही. त्याला भौतिक कारण आहे.

सुईची गोष्ट याहून बोलकी आहे. दीर्घवादन तबकडीसाठी बनवलेल्या सुईचे टोक सुमारे २५ मायक्रॉनचे, तर ७८ गतीच्या रुंद खाचेला साधारण ७५ मायक्रॉनचे टोक लागते. बारीक सुई अधिक तपशील टिपते, या समजुतीने ती जुन्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी घसरते आणि तेथे साचलेली धूळच वाचत राहते. ध्वनिसमतोलाचेही तसेच. १९५४ नंतर रूढ झालेला आरआयएए हा वक्र आजच्या बहुतेक फोनो ॲम्प्लिफायरमध्ये कायमचा बसवलेला असतो. त्याआधीच्या तबकड्या वेगवेगळ्या वक्रांनी कोरलेल्या असल्यामुळे त्यांचा तोल त्यातून बिघडतो. एका माध्यमाशी एकनिष्ठ असलेले यंत्र दुसऱ्या माध्यमाशी बेइमान ठरते, ही गोष्ट हाय-फायच्या पुरस्कर्त्यांनी क्वचितच ध्यानात घेतलेली आढळते.

शिवाय सर्वांत मोठी हानी ध्वनीची नाही, काळाची आहे. 'मानापमान' (१९११) किंवा 'स्वयंवर' (१९१६) या नाटकांतील पदे रंगमंचावर 'वन्समोअर' घेत कितीतरी लांबत. ऑर्गन, सारंगी आणि तबल्याच्या संगतीत एकेका ओळीची नवनवी वळणे श्रोत्यांसमोर उलगडत. तबकडीसाठी हाच विस्तार साडेतीन मिनिटांत कोंबावा लागला. जे मुद्रितच झाले नाही ते कितीही किमतीचे यंत्र उघड करू शकत नाही. पुष्कळ संग्राहक वर्षानुवर्षे यंत्र बदलत जातात आणि त्या बदलात न सापडलेले बालगंधर्व शोधत राहतात. हा शोध करुण आहे, पण समीक्षेने त्याला आस्वाद म्हणू नये.

खरखर आणि कान

थिओडोर अडोर्नो यांनी १९२७ मध्ये ग्रामोफोनच्या सुईवर लिहिलेल्या निबंधात असे निरीक्षण नोंदवले होते, की मुद्रण जसजसे भरीव व मोठ्या आवाजाचे होत जाते तसतशी आवाजाची सूक्ष्म रंगछटा आणि अस्सलपणा ओसरत जातो, जणू गायक यंत्रापासून दूर सरकतो. अडोर्नोंचा एकंदर सूर तंत्रज्ञानाविषयी संशयाचा असल्यामुळे हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. परंतु श्रवणाच्या मानसशास्त्रातून त्याला अनपेक्षित बाजूने काहीसा आधार मिळतो. रिचर्ड वॉरेन यांनी १९७० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुद्रित वाक्यातील एक वर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला होता. ऐकणाऱ्यांना तो वर्ण ऐकू आल्यासारखाच वाटला. त्याच जागी निव्वळ शांतता ठेवली, तेव्हा मात्र तुटलेली जागा त्यांच्या लक्षात आली. आवाजाआड दडलेले कान भरून काढतो. रिकामी जागा तो भरत नाही.

हा प्रयोग बोलण्यावरचा आहे, गाण्याला तो तंतोतंत लावता येणार नाही. तरीही जुन्या तबकडीच्या श्रोत्याला येणारा एक नेहमीचा अनुभव त्याने उलगडतो. पहिली अर्धी मिनिट खरखर ऐकू येते, मग ती मागे सरते आणि आवाज पुढे येतो. संगणकाच्या साहाय्याने 'साफ' केलेल्या प्रतीत खरखर नाहीशी होते, परंतु तिच्याबरोबर व्यंजनांच्या कडा आणि आवाजातील वरचे अंशस्वरही जातात. मग कानाला भरून काढण्यास आधारच उरत नाही. अशी प्रत सामान्य यंत्रावर बरी वाटते आणि तपशील उघड करणाऱ्या यंत्रणेवर तिचे निर्जीवपण लपत नाही. येथे महागडी यंत्रणा खरोखर उपकारक ठरते; कारण ती साफसफाईचे नुकसान पकडून देते. हाय-फायच्या बाजूचा हा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे आणि नवल असे, की तो तिच्या पुरस्कर्त्यांकडून सहसा मांडला जात नाही.

कोणता आवाज 'खरखर' आणि कोणता 'संगीत', हे यंत्राला ठरवता येत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या ओव्या जात्यावर, शेतात, कामाच्या ओघात जन्मल्या. १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून व पुढे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचल्या. मुद्रणगृहातील या गाण्यांत जात्याची घरघर नाही. ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने ती नकोशी. ओवीच्या दृष्टीने तीच लय धरणारी. श्रावणात कानबाईच्या उत्सवात बायका जी गाणी म्हणतात, किंवा डफाच्या साथीने जे वहीगायन चालते, त्यांच्या क्षेत्रीय ध्वनिफितींतही भोवतालची कुजबूज, लहान मुलांचे रडणे, भांड्यांचे आवाज मिसळलेले असणारच. अभ्यासकाने बारकावे उघड करणारी यंत्रणा वापरली तर ही गर्दी त्याला वेगवेगळी ऐकू येईल व प्रसंगाची कल्पना येईल. केवळ चाल ऐकू इच्छिणाऱ्याला तीच गर्दी त्रासदायक वाटेल.

वैशाखातील खोली

हाय-फायविषयीचे बहुतेक लेखन थंड देशांतील, गालिचे अंथरलेल्या व जाड पडदे लावलेल्या खोल्या गृहीत धरते. जळगावचे तापमान वैशाखात ४५ अंशांच्या पुढे जाते. फरशीची जमीन, उघड्या भिंती, छताचा पंखा आणि खिडकीतला कूलर, ही येथील ऐकण्याची खोली. कूलर चालू असता खोलीत ५५ डेसिबलच्या आसपास आवाज असतो असे धरले आणि गाण्याचा सर्वांत मोठा आवाज ८० डेसिबलवर ठेवला, तर ऐकू येण्याजोगा पल्ला उरतो अवघा २५ डेसिबलचा. कॉम्पॅक्ट डिस्कचे ९६ डेसिबल तेथे निकामी होतात आणि ७८ गतीची तबकडी तिच्या बरोबरीस येऊन बसते. तबकडीची खरखरही बऱ्याच अंशी कूलरच्या आवाजात विरून जाते, हा त्यातला आनुषंगिक लाभ! कूलर बंद करून ऐकावे तर घामाने एकाग्रता जाते. यंत्रणेवर खर्च करण्यापूर्वी खोलीच्या छताला आणि भिंतींना कापड लावणे व ऐकण्याची वेळ पहाटेची ठरवणे अधिक फलदायी होईल.

याचा अर्थ जुन्या साधनांची भलामण करावी असा नव्हे. 'पूर्वी साध्या रेडिओवर मन भरून ऐकले, आता यंत्र ऐकतात' हा सूरही तपासून पाहावा लागतो. मध्यम लहरींच्या प्रसारणात दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असल्याने साडेचार हजार हर्ट्झच्या वरचे गाणे श्रोत्यापर्यंत नीट पोहोचतच नाही. तंबोऱ्याची जवारी ज्या अंशस्वरांनी जिवंत होते त्यांतले पुष्कळ याच मर्यादेबाहेर पडतात. नभोवाणीवर ख्याल ऐकत वाढलेल्या पिढीने तंबोरा 'गुणगुणताना' ऐकला, उमलताना क्वचितच. घरगुती बैठकीत गायकापासून दोन हातांवर बसलेला श्रोता सगळे ऐकत असे : श्वास, खाकरणे, तारेवरचे बोट. बैठकीची परंपरा मुळातच तपशील उघड करणारी होती. या दृष्टीने चांगले ध्वनिमुद्रण चांगल्या यंत्रणेतून ऐकणे हे परंपरेपासून दूर जाणे नसून तिच्या जवळ येणे आहे. फरक इतकाच, की बैठकीत तपशील गाण्याच्या मागोमाग येतो. यंत्रापुढे बसलेला श्रोता पुष्कळदा तपशिलाच्या मागे जातो आणि बंदिश हातची सुटते. अहिराणी गीतांच्या ज्या ध्वनिचित्रफिती गेल्या दोन-अडीच दशकांत धुळे-जळगावात खपल्या, त्या मिरवणुकीच्या कर्ण्यासाठी किंवा मोबाइलसाठी दाबून, एकाच पातळीवर आणून बनवलेल्या असतात. त्या सूक्ष्म यंत्रणेवर लावून नाके मुरडणे म्हणजे बैलगाडीला डांबरी रस्त्यावर पळवून तिचा वेग मोजणे होय.

प्रतिमुद्रणाचा प्रश्न

खरा धोका श्रोत्याच्या घरात नसून संग्रहात आहे. खान्देशातील खाजगी कपाटांतून तबकड्या आणि कॅसेट अजूनही निघतात व त्यांचे संगणकीय प्रतिमुद्रण होते. प्रत ऐकणाऱ्याला खरखर सोसवत नाही म्हणून ती मुद्रणाच्या वेळीच गाळली जाते आणि मूळ तबकडी अडगळ म्हणून निकाली निघते. पुढे अधिक चांगली गाळणी उपलब्ध झाली तरी गेलेले अंशस्वर परत येत नाहीत. म्हणून पहिली प्रत कोणतीही सफाई न करता, योग्य जाडीच्या सुईने, समतोल-वक्र न लावता घ्यावी आणि ऐकण्यासाठीची सौम्य प्रत तिच्यावरून वेगळी करावी. तबकडीची गतीही पडताळावी लागते. '७८' हे नाव असले तरी अनेक तबकड्या त्याहून मंद किंवा जलद गतीने कोरलेल्या आहेत आणि गतीत सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर एका अर्धस्वराने सरकतो. सुई, वक्र आणि गती यांची नोंद प्रतीसोबत ठेवली नाही, तर बालगंधर्व त्या पदात काळी चारमध्ये गात होते की पांढरी पाचमध्ये, हेही पुढच्या अभ्यासकाला सांगता येणार नाही.