प्लवकांची यादी आणि कार्बनचा हिशेब : लोणार सरोवराच्या अभ्यासपद्धतीची चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे दख्खनच्या बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या विवरातील खारे व अल्कधर्मी सरोवर आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केल्यापासून भूशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही शाखांनी त्याकडे लक्ष दिले. विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने तर ते हाताशी असलेली नैसर्गिक प्रयोगशाळाच ठरले. तथापि, येथील प्लवकांविषयीच्या लेखनाचे स्वरूप पाहता एक मूलभूत उणीव जाणवते.

या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. नमुनास्थळे निवडणे, दरमहा पाण्याचे तापमान, सामू व क्षारता मोजणे, प्रजातींची यादी करणे, दर लिटरमागील संख्या देणे आणि शेवटी प्रदूषणाविषयी सर्वसाधारण निष्कर्ष काढणे. अशा याद्यांचे मोल नाकारता येत नाही. त्यांच्यावाचून कालानुरूप बदल कळणार नाहीत. परंतु 'कोण किती आहे' याचे उत्तर म्हणजे 'ते काय करते' याचे उत्तर नव्हे. प्लवकाने बांधलेला कार्बन पुढे कोठे जातो, हा प्रश्न या साच्यात उपस्थितच होत नाही.

आर्क्टिक महासागरातील संशोधनाने नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आणला. तेथे कॅलॅनस जातीचे प्राणिप्लवक उन्हाळ्यात सूक्ष्म शैवाल खाऊन अंगात मेद साठवतात व हिवाळ्यात खोल पाण्यात उतरतात. श्वसनावाटे त्यांचा कार्बन खोलवर सोडला जातो. २०१२ च्या उन्हाळ्यात बर्फाखाली वाढणाऱ्या मेलोसिरा शैवालाचे पुंजके थेट समुद्रतळावर पोहोचल्याचे आढळले. भारतही या क्षेत्रापासून दूर नाही. स्वालबार्डमध्ये २००८ साली 'हिमाद्री' केंद्र सुरू झाले आणि २०१४ साली तेथील फ्योर्डमध्ये 'इंडआर्क' ही निरीक्षणयंत्रणा सोडण्यात आली.

अर्थात आर्क्टिकचे प्रारूप लोणारला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. तेथे कार्बनला वातावरणापासून दूर ठेवण्याचे काम खोली करते. लोणारचे पाणी उथळ असून सरोवराला बाहेर वाहणारा प्रवाह नाही. येथे कार्बनला दोनच वाटा उरतात : हवा आणि गाळ. शिवाय दहाच्या आसपास सामू असलेल्या पाण्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड नगण्य असतो. स्पिरुलिनासारखे नील-हरित जीवाणू मुख्यतः बायकार्बोनेटचा वापर करतात. त्यामुळे पाणी हिरवेगार दिसते म्हणून सरोवर हवेतील कार्बन शोषून घेते, हे अनुमान घाईचे होय. गाळातील मिथेननिर्मात्या आणि मिथेनभक्षक सूक्ष्मजीवांवर स्वतंत्र संशोधन झाले आहे. गाळात गेलेला सर्वच कार्बन तेथे स्थिर राहत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

गाळाचे महत्त्व दुसऱ्या बाजूनेही सिद्ध झाले आहे. भारतीय व जर्मन संशोधकांनी सरोवराच्या गाळातून संपूर्ण होलोसीन काळाचा पावसाळी इतिहास वाचला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गेलुसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटाच्या स्फटिकांवरून दीर्घ अवर्षणाचे कालखंड ओळखण्यात आले. म्हणजे गाळात सेंद्रिय आणि खनिज असा दुहेरी कार्बन साठतो. प्लवकांचे अभ्यासक आणि गाळाचे अभ्यासक यांच्यात मात्र संवाद अभावानेच दिसतो.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा ही दरी ठळक झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय आर्किया हे त्याचे कारण असल्याचे दाखवले. नमुना स्थिर ठेवल्यावर रंगीत जैवभार तळाशी बसून वरचे पाणी निवळते, हे निरीक्षणही पुढे आले. चर्चा रंगापाशीच थांबली. तळाशी बसणाऱ्या जैवभाराचे प्रमाण आणि त्याचे पुढे काय होते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे पडला.

हे काम महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही. वनविभागाच्या परवानगीने साध्या नळ्यांचे गाळसापळे लावता येतील. भट्टीत सुमारे ५५० अंश सेल्सिअसला सेंद्रिय द्रव्य जळते, तर कार्बोनेटाचे विघटन त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला होते. या फरकावरून दोन्ही प्रकारच्या कार्बनचा स्थूल अंदाज मिळतो. उजेडी व काळ्या बाटल्यांच्या पद्धतीने उत्पादकता मोजता येते. मात्र कार्बोनेटयुक्त पाण्यात आम्ल घालताना वायूचे बुडबुडे उठतात, हे ध्यानी घेऊन पद्धतीत योग्य दुरुस्ती करावी लागेल.

लोणारला २००० साली अभयारण्याचा आणि २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बाहेरून येणारे गोडे पाणी आणि सांडपाणी यांमुळे क्षारता व पोषकद्रव्ये बदलतात, त्यासोबत प्लवकसमूहही बदलतो. या बदलाने गाळात जाणारा कार्बन वाढतो की घटतो, हे सांगता आल्याशिवाय संवर्धनाचा कोणताही आराखडा अपुराच राहील. प्रजातींची आणखी एक यादी ते सांगू शकणार नाही.